उद्वाहक बंद आहे

तिने नवा नियम माउसने उचलला आणि बाकी सगळ्या नियमांच्या वर नेऊन सोडला.

"सगळ्यात वर ना?" तिने मान न वळवता विचारलं.

"सगळ्यात वर," पाठीमागे उभे असलेले साहेब म्हणाले. "आधी हे किटकिटे बाजूला काढा. मग बाकीच्यांचं काय ते बघू."

साहेब सेवा विभागाचे प्रमुख होते. कंपनी लिफ्ट बसवायची आणि त्यांची देखभालही करायची. कंपनीचा जीव बसवण्यात होता, तक्रारी मात्र सगळ्या देखभालीच्या यायच्या. फोन केला तर एक गोड आवाज वेबसाइटवर जायला सांगायचा, आणि वेबसाइटच्या दारात लोड बॅलन्सर बसलेला असायचा. आलेल्या माणसाला कुठल्या सर्व्हरकडे धाडायचं, एवढंच त्याचं काम. ते कशावरून ठरवायचं याचे नियम लिहिणं हे तिचं काम. नियम वरून खाली वाचले जात. जो पहिला लागू पडला तो पडला, त्याच्या खाली काय लिहून ठेवलंय याच्याशी बॅलन्सरला मग काही कर्तव्य नसे. 'लिफ्ट बंद' आणि 'माणूस अडकला' अशा तातडीच्या तक्रारी थेट वेगवान सर्व्हरकडे जाव्यात, हा नियम आजवर सगळ्यात वर होता. आता तो एक पायरी खाली आला.

नव्या नियमात साहेबांनी दिलेले काही नेटवर्क पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडण्यांचे क्रमांक होते. सतत तक्रारी करणाऱ्या मंडळींचे. या पत्त्यांवरून जे काही येईल ते चाचणीसाठी ठेवलेल्या एका जुन्या सर्व्हरकडे वळणार होतं. तिथे वेबसाइट हुबेहूब तीच दिसायची. तक्रार घेतली जायची, आभार मानले जायचे, नोंदणी क्रमांकही मिळायचा. फक्त तो सर्व्हर पुढे कुणाला काही कळवायचा नाही. तोंडाला पानं पुसायची तर इतक्या सभ्यपणे कुणी पुसली नसतील.

"तिकडे गेलेलं वाचणार कोण?" तिने विचारलं.

"वाचेल की कुणीतरी. आठवड्यातून एकदा चाळू."

कुणीही चाळणार नाही, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलंही होतं. आणखी एक गोष्ट तिला कळत होती, कारण ती तिच्या धंद्यातल्या नवशिक्यालाही कळते. एखाद्या इमारतीने मिळून एकच इंटरनेट घेतलं असेल, तर बाहेर दिसणारा पत्ता सगळ्या घरांचा एकच असतो. किटकिट करणारा एक, आणि त्याच्यासोबत अख्खी इमारत बाजूला, असं होऊ शकत होतं. पण पत्त्याऐवजी खात्यावरून माणूस ओळखायचा तर प्रोग्रामर मंडळींना मध्ये घ्यावं लागलं असतं आणि त्यांनी त्यात आठवडे घातले असते. पत्त्याचं काम चहा निवायच्या आत झालं. तिने नियम जतन केला.

ऑफिसात तिला कायदेबाई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि तिला ते आवडायचं. परवानगीशिवाय कुणाला पासवर्ड द्यायची नाही, रांग मोडून कुणाचं काम करायची नाही, मग तो साहेबांचा मेहुणा का असेना. म्हणूनच साहेबांनी हे काम तिच्याकडून करून घेतलं असावं. कायदेबाईंनी केलं म्हणजे ते नियमात बसतच असणार.

किटकिट्यांचा मुकुटमणी होता 'महोदय'. त्याची प्रत्येक तक्रार याच शब्दाने सुरू व्हायची, म्हणून त्याचं नाव महोदय पडलं. जेवणाच्या सुट्टीत सेवा विभागातलं कुणीतरी त्याच्या तक्रारी ठसक्यात वाचून दाखवायचं. 'महोदय, आमच्या इमारतीतील उद्वाहक तिसऱ्या मजल्यावर येताच गचका देतो. सदर गचक्याची आपण वारंवार विनंती करूनही दखल घेतलेली नाही.' सदर गचक्यावर टेबलावरचे डबे हलायचे. लिफ्टला उद्वाहक म्हणणारा माणूस या जमान्यात शिल्लक आहे याचीच सगळ्यांना गंमत. 'चला, उद्वाहकाने खाली जाऊ,' असं ऑफिसात म्हणायची रीतच पडली. तीही म्हणायची. तो गचका कुठल्या इमारतीत बसतो हे विचारावं, असं तिच्यासकट कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

नियम लागू झाला आणि जेवणाच्या सुट्टीतली ती करमणूक बंद पडली. महोदय थंडावला, असं सगळ्यांना वाटलं.

तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, चौथ्या मजल्यावर. गुडघे कामातून गेलेले, डॉक्टरांनी जिना चढायला-उतरायला मनाई केलेली. आई घर बघायला गेली तेव्हा इमारतीतली लिफ्ट लेकीच्या कंपनीची आहे हे बघूनच तिने होकार दिला होता. शेजाऱ्यांना ती 'आमच्या लेकीची लिफ्ट' असं सांगायची. त्या लिफ्टने आई रोज दुपारी खाली उतरायची, गाडी करून आपल्या थोरल्या बहिणीकडे जायची. थोरल्या मावशीला झटका येऊन गेल्यापासून तिची वाचा गेली होती. माणसं ओळखायची, पण सुनेच्या हातचा घास घेत नसे, नर्सच्या हातचा तर नाहीच. धाकटी बहीण शेजारी येऊन बसली की मात्र शहाण्या मुलासारखी तोंड उघडायची. दिवसभरातलं मावशीचं पोटभर जेवण म्हणजे आईने दुपारी चमच्याने भरवलेलं तेवढं.

"अगं, लिफ्ट बंद पडलीय," एका संध्याकाळी आई फोनवर म्हणाली. "तुझ्या कंपनीत सांगतेस का जरा?"

"वेबसाइटवर तक्रार नोंदवलीत का?"

"नोंदवलीय. खालचे टायपिस्ट आहेत ना, त्यांनी लगेच नोंदवली. नंबरसुद्धा आला."

"नंबर आला म्हणजे झालं. येतील उद्यापर्यंत."

"तू एक शब्द टाकलास तर..."

"आई, मी मध्ये पडले तर बरं दिसत नाही. उद्या म्हणतील, हिच्या आईची लिफ्ट आधी. नियम सगळ्यांना सारखाच. लिफ्ट बंद असेल तर ती तक्रार तशीही पुढे जाते, मीच केलीय ती व्यवस्था."

"तूच केलीयस होय? मग काळजी नाही," आई म्हणाली.

ती व्यवस्था सांगताना लेकीचा ऊर थोडा भरून आला होता. इतकी वर्षं संगणकात डोकं घालून बसणारी लेक नेमकं काय करते, ते आज आईला पहिल्यांदा सांगता आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आईने पुन्हा विचारलं, टायपिस्टांनी पुन्हा नोंदवलं, पुन्हा नंबर आला. इमारतीतल्या बाकीच्यांनी हे काम केव्हाच त्यांच्यावर सोपवून टाकलं होतं. हे टायपिस्ट दुसऱ्या मजल्यावर राहायचे, जन्म कोर्टाच्या आवारात अर्ज टाइप करण्यात गेलेला. बायको गेली होती, मुलं परदेशात होती. इमारतीत कुणाचंही काही अडलं की ते मोबाइल काढून बसायचे. तिने त्यांना एक-दोनदा जिन्यात पाहिलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं.

"काल जिन्याने उतरायला निघाले होते," आई एकदा हसत सांगू लागली. "टायपिस्टांनी हात धरला. तिसऱ्या मजल्यावर जाऊन जी बसले ती बसलेच. गुडघा वाकेना. मग ते म्हणाले, खुर्चीत बसा, चौघांना बोलावतो, उचलून नेऊ. म्हटलं, मी काय कपाट आहे?"

"आणि मावशी?"

"सुनेचा फोन आला होता. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवते म्हणे. दाराकडे बघत असते."

"मी रविवारी येते," ती म्हणाली. रविवारी सर्व्हर बदलायचं काम निघालं. ते तिला टाळता आलं असतं, पण तिने टाळलं नाही. तिच्याशिवाय ते नीट झालं नसतं असं तिला वाटलं.

त्यानंतरच्या एका दुपारी ती जेवणाच्या टेबलावर असताना आईचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"मावशीला नाकातून नळी घालणार आहेत म्हणे. मी गेले असते तर खाल्लं असतं गं तिने. पण काय करू? आपला उद्वाहक अजून बंदच."

तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"काय म्हणालीस?"

"लिफ्ट गं. टायपिस्ट म्हणतात उद्वाहक, त्यांचं ऐकून ऐकून माझ्याही तोंडात बसलाय. रोज लिहितात बिचारे. माझ्यासाठीच लिहितात. लिहून झालं की वर येऊन मला वाचून दाखवतात, कुणाला राग यायला नको म्हणून."

टेबलापलीकडे कुणीतरी कशावर तरी हसलं. ती डबा उघडा टाकून उठली.

जुना सर्व्हर उघडायला तिला वेळ लागला नाही. सगळं तिथेच होतं. एकाखाली एक, न वाचलेलं. 'महोदय, उद्वाहक पूर्णतः बंद आहे.' 'महोदय, चौथ्या मजल्यावरील ज्येष्ठ भगिनींना आपल्या आजारी थोरल्या भगिनीस अन्न भरविण्यासाठी दररोज जावे लागते.' 'महोदय, त्या भगिनी अन्य कोणाच्या हातून अन्न घेत नाहीत, सबब ही बाब केवळ गैरसोयीची नाही.' 'महोदय, मजकडून पूर्वी किरकोळ कारणांसाठी तक्रारी झाल्या असल्यास क्षमा असावी. ही त्यांपैकी नाही.' प्रत्येकाखाली सर्व्हरने आभार मानले होते. प्रत्येक तक्रार 'लिफ्ट बंद' या पानावरून आलेली होती. तातडीचा नियम तिला लागू पडला असता, पण वरच्या नियमाने तिला तिथपर्यंत जाऊच दिलं नव्हतं. आणि तो वर कुणी नेऊन ठेवला, हे शोधण्याची तिला गरज नव्हती.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली, बसली नाही. सगळं सांगून टाकलं.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?" साहेब खरोखर कळवळले. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "कायदेबाईंच्या आईकडे, हो, आत्ता. हातातलं काम टाकून." फोन ठेवून ते म्हणाले, "तासाभरात माणूस पोचेल. बसा तुम्ही. पाणी घ्या. घरचं माणूस आणि तुम्ही बोलत नाही म्हणजे कमाल झाली."

"साहेब, तो नियम काढायला हवा."

"तो पत्ता काढा ना. आत्ता काढा."

"बाकीचे पत्ते?"

"त्यांचं काय?"

"त्यांच्यामागेही इमारती असतील. त्यांच्याही लिफ्ट बंद असतील. निदान तातडीचा नियम तरी परत वर घेऊ द्या."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "तक्रारी निम्म्यावर आल्यात. मोठ्या साहेबांसमोर आकडा गेलाय. आता हे सगळं परत वर आलं तर तो आकडा मी कुठे लपवू?" मग वातावरण हलकं करायला ते हसले. "बाकीच्यांत आपल्या कुणाची आई आहे का?"

ती हसली नाही. मूग गिळून ती जागेवर आली, नियम उघडला. तातडीचा नियम वर उचलून ठेवायला एक सेकंद लागला असता. तिचा माउस त्याच्यावर येऊन थांबलाही. साहेबांना लगेच कळलं नसतं, पण महिन्याच्या बैठकीत कळलं असतं, आणि मग तिची बढती, पोराची शाळा, घराचे हप्ते, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. तिने आईच्या इमारतीचा पत्ता खोडला. बाकीचे तसेच ठेवले. नियम जतन केला.

संध्याकाळी लिफ्ट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून आईला घेऊन मावशीकडे गेली.

मावशीच्या नाकात नळी होती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई पलंगाच्या कडेवर बसली, नेहमीसारखा तिचा हात हातात घेतला, नेहमीच्या लाडाच्या नावाने हाक मारली. मावशीने मान वळवली. धाकट्या बहिणीला बघितलं, नीट बघितलं. ओळखलं, याबद्दल तिथे उभ्या असलेल्या कुणालाच शंका नव्हती. मग तिने हात सोडवून घेतला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रुसलीय," आई सुनेला म्हणाली. "लहानपणीही अशीच रुसायची. उद्या रुसवा जाईल."

आई रोज जात राहिली. मावशी तिच्याकडे वळली नाही. आणि तशीच, न वळता, काही दिवसांनी गेली.

सगळं आटोपल्यावर ती आईकडे राहायला आली. त्या संध्याकाळी टायपिस्ट वर आले. खालच्या आवाजात दोन शब्द बोलले, हात जोडले. निघताना मात्र त्यांना राहवलं नाही.

"ताई, तुमच्या कंपनीचे आभार मानायचे राहिले होते. थोडा उशीर झाला, पण शेवटी दखल घेतली. लिहीत राहिलं की कुणी ना कुणी वाचतं, हे मी या सगळ्यांना सांगत असतो."

"हो," ती म्हणाली.

ते गेल्यावर आईने दार लावलं. ती तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही. तिने सांगितलं. लोड बॅलन्सर, पत्ते, वरचा नियम, खालचा नियम, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. आई खुर्चीत बसून ऐकत होती. मध्ये तिने विचारलं, "म्हणजे ते लिहायचे ते कुणी वाचतच नव्हतं?"

"नाही."

"आणि तुला माहीत होतं?"

"तेच आहेत हे माहीत नव्हतं. कुणीतरी आहे एवढं माहीत होतं."

आईने पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्यांना सांगू नकोस. मन मोडेल त्यांचं." मग तिने विचारलं, "आता केलंस ना सगळं नीट?"

"आपलं केलं."

"आणि त्या बाकीच्यांचं?"

नोकरी, साहेब, आकडा, सगळं ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग आई गुडघ्यावर हात रोवून उठली आणि म्हणाली, "चल, जेवून घे. भूक लागली असेल."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी न चुकता फोन करू लागली. आई दुसऱ्या घंटेला उचलायची. बरी आहेस का, तर बरी आहे. जेवलीस का, तर जेवले. काही हवंय का, तर काही नको, तू फोन केलास, छान वाटलं. आवाजात गोडवा असायचा, रागाचा मागमूस नसायचा. मावशीचा विषय आई काढायची नाही. लिफ्टबद्दल विचारलं तर म्हणायची, मस्त चालते. कधी कधी तिला वाटायचं, आई पूर्वी याहून जास्त बोलायची. मग वाटायचं, वय झालं, दुःखही ताजं आहे. फोन ठेवताना तिला दिवसातलं एक काम नीट पार पडल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी ती न कळवता आईकडे गेली, हातात फळांची पिशवी. खाली लिफ्टच्या दारात टायपिस्ट उभे होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिच्यासाठी दार धरलं आणि दोघं आत शिरली.

"बरं झालं आलात, ताई. उद्या आईंचं प्लास्टर काढायचंय. मी नेणारच आहे म्हणा त्यांना, पण मनगटाचं हाड जुळलं की नाही ते डॉक्टरांना विचारायला घरचं कुणी असलेलं बरं."

"कसलं प्लास्टर?" तिने विचारलं.

एरवी सदर आणि सबब हाताशी असणाऱ्या माणसाला एकही शब्द सापडेना. दार बंद झालं. त्यांनी नजर वळवली आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.